निकितीनच्या वाटेवर: काल्याझिन तालुक्यातले पाच दिवस

मी जुन्नरची. शाळेत असताना इतिहासाच्या सरांनी सांगितलं होतं, की साडेपाचशे वर्षांपूर्वी अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, घाट चढून आपल्या जुन्नरला आला आणि इथल्या पावसाळ्यात अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. शंभर रुबलला पडलेला त्याचा घोडा इथल्या सुभेदाराने, असद खानाने, काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असं बजावलं. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. तेव्हापासून हा माणूस मला आमच्या आळीतलाच कुणीतरी वाटतो.

पुढे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि त्याच्या नोंदी वाचल्या. पहिल्याच पानावर एक गाव आहे. आपल्या त्वेर शहराहून निघून व्होल्गा नदीने खाली येताना निकितीन काल्याझिनच्या मठात थांबला, मठाधिपती मकारी यांचा आणि तिथल्या साधूंचा आशीर्वाद घेतला आणि पुढच्या उग्लिच गावाकडे गेला. बस, एवढाच उल्लेख. पण ज्या आशीर्वादावर तो जुन्नरपर्यंत येऊन पोचला, ती जागा एकदा पाहायची हे मनात पक्कं झालं होतं.

धाकट्या बहिणीचा मुलगा त्वेरच्या वैद्यकीय विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातली बरीच पोरं तिथे आहेत. त्याची जुलैची सुट्टी, माझा ई-व्हिसा आणि पाकिटात रोख पैसे अशी जुळवाजुळव झाली. रोख पैशांचं मुद्दाम सांगते, कारण आपली बँकेची कार्डं सध्या रशियात चालत नाहीत.

पहिला दिवस

मॉस्कोच्या साव्योलोव्स्की स्थानकावरून सकाळची लोकल धरली. ही गाडी उत्तरेला दिमित्रोवपर्यंत जाते तेव्हा शेजारून मॉस्को-व्होल्गा कालवा सोबत करतो. सरळ, रुंद, दोन्ही काठ दगडांनी बांधलेले. १९३७ मध्ये तो पुरा झाला, कैद्यांच्या हातांनी. भाचा म्हणाला, “मावशी, इतकं पाणी मॉस्कोला कशाला लागतं?” प्यायला लागतं आणि जहाजांनाही लागतं. त्या एका दशकात व्होल्गेला टप्प्याटप्प्याने बांध घालून तिचे तलाव केले गेले, आणि आम्ही जिथे निघालो होतो ते गाव त्यातल्याच एका तलावाच्या वाट्याला आलं.

ताल्दोम मागे पडलं. आज ते मॉस्को प्रांतात मोडतं, पण झारच्या काळात काल्याझिनच्याच हद्दीत होतं. उपहासलेखक साल्तिकोव-श्चेद्रिन १८२६ मध्ये याच जुन्या हद्दीतल्या स्पास-उगोल गावी जन्मला. हा सगळा पट्टा चांभारकामाचा. जमीन पोटापुरतं देत नसे, म्हणून पुरुष बूट शिवायचे नाहीतर कामासाठी शहरं गाठायचे.

साव्योलोवोला लोकल संपते. तिथून पुढे छोटी पॅसेंजर. डब्यात बादल्या घेतलेल्या बायका, मासेमारीचे गळ घेतलेले पुरुष, आणि खोक्यात टोमॅटोची रोपं घेऊन निघालेले एक आजोबा. स्क्न्यातिनोजवळ गाडी नेर्ल नदी ओलांडते तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. इथे नेर्ल व्होल्गेला मिळते, आणि या संगमावर युरी दोल्गोरुकी या राजाने ११३४ मध्ये किल्ला बांधला होता. मॉस्कोचं नाव इतिहासात पहिल्यांदा येतं त्याच्याही तेरा वर्षं आधी. उत्तरेकडच्या नोवगोरोद राज्याला थोपवायला बांधलेला, पुढे मंगोलांनी जाळलेला. आज त्या जागी नुसतं पाणी दिसतं, रुंद आणि शांत. किल्ल्याची जागाही तलावात गेली.

इथे ‘रायोन’ म्हणजे काय ते सांगून टाकते. आकाराने आणि कारभाराने तो आपल्या तालुक्याच्या जवळ जातो. त्वेर प्रांताच्या आग्नेय टोकाला हा काल्याझिनचा तालुका आहे. उत्तरेला काशिन, पश्चिमेला किम्री, पूर्वेला यारोस्लाव्ल प्रांत आणि दक्षिणेला मॉस्को प्रांत. क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरपेक्षा थोडं कमी. माणसं किती, तर २०१० च्या जनगणनेत साधारण २२ हजार, आणि त्यातली १४ हजारांच्या आसपास एकट्या काल्याझिन शहरात. म्हणजे उरलेल्या सगळ्या गावांत मिळून आठेक हजार! आमच्या तालुक्यात तेवढी वस्ती दोन-तीन गावांत भरते.

उतरायची सोय एका आजींच्या घरी केली होती. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दारातच त्यांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं नाव विचारलं, आणि त्या नावाला ‘ओव्ना’ जोडून मला हाक मारायला सुरुवात केली. आमच्यातही बाई स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावते हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या. रात्री क्वासमध्ये, म्हणजे पाव आंबवून केलेल्या पेयात, काकडी, मुळा, बटाटा आणि अंडं घातलेलं गार सार मिळालं. त्याला अक्रोश्का म्हणतात. दहा वाजत आले तरी खिडकीबाहेर उजेड होता.

दुसरा दिवस

सकाळी आजींनी घराच्या कोपऱ्यावर नेलं. ओंडके एकमेकांत खाचा पाडून बसवलेलं लाकडी घर, ज्याला ते इझबा म्हणतात. एका ओंडक्याच्या टोकावर त्यांनी माझं बोट ठेवलं. कुऱ्हाडीने मारलेल्या तीन उभ्या रेघा आणि एक तिरकी. वरच्या ओंडक्यावर चार उभ्या आणि एक तिरकी. ऐंशीहून जास्त वर्षांच्या उन्हापावसाने लाकूड राखाडी पडलंय, रेघांच्या कडा बोथट झाल्यात, तरी बोटाला लागतात. “हे घर आधी तिकडे खाली होतं,” त्या नदीकडे हात करून म्हणाल्या. १९३९ साली हुकूम आला. वडिलांनी प्रत्येक ओंडक्यावर खूण केली, घर उतरवलं, वर आणलं आणि खुणा जुळवून पुन्हा उभं केलं. ओंडक्यांच्या फटीतलं शेवाळ मात्र नवीन भरावं लागलं. लाकडी घरं अशी हलवली गेली. विटांची हलवता आली नाहीत, ती पाडली. नदीकाठची झाडं तोडली. मग पाणी आलं.

कुकडी प्रकल्पाची धरणं आमच्या उशालाच आहेत, त्यामुळे ‘बुडित क्षेत्र’ हा शब्द मला समजावून सांगावा लागत नाही. पण माणसाने आपलं घर मोजून, खुणा करून, खांद्यावर वाहून पाण्याच्या वर आणलं, त्याचा पुरावा असा बोटाखाली येईल असं वाटलं नव्हतं.

काल्याझिनमध्ये फिरायला नकाशा लागत नाही. रस्ता धरा आणि उतरत जा, तो थेट व्होल्गेत जातो. अक्षरशः. रस्त्याच्या दोन्ही कडेला घरं आहेत, झाडं आहेत, पुढे गवत सुरू होतं, मग वाळू, मग पाणी. जुनी बाजारपेठ, चौक, व्यापाऱ्यांचे वाडे सगळं त्याच रेषेत पुढे होतं. १७७५ मध्ये सम्राज्ञी कॅथरीनने याला शहराचा दर्जा दिला तेव्हा गावाचे तीन भाग होते: उजव्या काठावरची पेठ, झाब्न्या नदीपलीकडची स्विस्तुखा, आणि व्होल्गेच्या डाव्या काठावर मठाच्या सावलीतली वस्ती. आता पेठेचा वरचा तुकडा उरलाय आणि स्विस्तुखा उरलीय.

आणि पाण्यात उभा आहे तो घंटाघराचा मनोरा.

छायाचित्रं मी पुष्कळ पाहिली होती. तरी वळणावरून तो समोर आला तेव्हा पाय थांबलेच. पांढरा, पाच मजली, ७४.५ मीटर उंच, चहूबाजूंनी नुसती नदी. सेंट निकोलस कॅथेड्रलच्या शेजारी तो १८०० मध्ये पुरा झाला. कॅथेड्रल त्याहून जुनं, १६९४ चं, ते पाडलं. मनोऱ्यात बारा घंटा होत्या. सगळ्यांत मोठी १०३८ पूद वजनाची, म्हणजे जवळजवळ १७ टन. निकोलस दुसरा गादीवर आला त्याप्रीत्यर्थ ती १८९५ मध्ये ओतली होती. नदी इथे जोरात वळते, म्हणून जहाजांना खूण म्हणून मनोरा ठेवला असं सांगतात. पुढे पाण्याने आणि बर्फाने पाया खचायला लागला, तेव्हा १९८० च्या दशकात त्याच्याभोवती भर घालून एक छोटं बेट तयार केलं. म्हणून आज तो उभा आहे.

घाटावरच्या एका होडीवाल्याने पैसे ठरवून आम्हाला फेरी मारून आणली. मधल्या वयाचा, कमी बोलणारा. मोठी घंटा काढता आली नाही, ती तळघरात पडून राहिली आणि १९४१ च्या युद्धाआधी आपोआप वाजली, ही गोष्ट त्याने सांगितली. त्याच्या आजीने ती त्याला सांगितली होती. गावात ती प्रत्येकाला ठाऊक आहे. मनोऱ्याभोवती पाकोळ्या भिरभिरत होत्या. भिंतीवर हात ठेवला तर उन्हात तापलेली वीट, आणि पायाशी शिंपले. गोड्या पाण्यातले, बोटाच्या पेराएवढे.

दुपारी संग्रहालय. ते एका जुन्या चर्चमध्ये आहे. १९२० साली इवान निकोल्स्की या स्थानिक अभ्यासकाने ते सुरू केलं, आणि त्याचं नावच आज संग्रहालयाला दिलंय. गाव बुडणार हे ठरल्यावर लोकांनी घरं हलवली, तसं या माणसाने गावाची आठवण हलवली: मठातलं लाकूडकाम, मूर्तिचित्रं, कपडे, काल्याझिनची लेस. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथल्या बायकांनी विणलेली लेस दूरवर जायची. पातळ लाकडी दांड्यांवर दोरा गुंडाळून, उशीवर टाचण्या टोचून विणायची. काचेआड एक पट्टी आहे, वीतभर रुंद, तिच्यात पानांची वेल. मी बराच वेळ त्या वेलीचा दोरा कुठून सुरू होतो ते शोधत होते.

मठाच्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं १६५४ ची होती. पाडकाम होण्याआधी जाणकारांनी ती भिंतीवरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवली. बरीचशी मॉस्कोच्या श्चुसेव वास्तुकला संग्रहालयात आहेत. येताना ती पाहूनच आले होते. एका देवदूताचा फक्त चेहरा आणि खांदा शिल्लक आहे. ज्या भिंतीवर तो होता, ती भिंत कुठे होती हे इथे येईपर्यंत डोळ्यांपुढे येत नव्हतं.

संग्रहालयातून निघाल्यावर झाब्न्या नदीवर गेलो. नदी कसली, ओढाच. पण १६०९ च्या ऑगस्टमध्ये रशियाची गादी कुणाची याचा एक मोठा फैसला याच दलदलीच्या काठावर झाला. मेलेला राजपुत्र दिमित्री तो मीच, असं सांगणाऱ्या तोतयाच्या बाजूने पोलिश सरदार सापियेहा चालून आला. समोर मिखाईल स्कोपिन-शुइस्की, वय अवघं बावीस-तेवीस. त्याने मठाच्या आसऱ्याला तळ ठोकला होता. फौज नवखी, शेतकऱ्यांची, आणि क्रिस्तर सोम नावाचा स्वीडिश अधिकारी तिला भाले धरायला आणि रांगेत उभं राहायला शिकवत होता. सापियेहाच्या घोडदळाचे घोडे चिखलात रुतले आणि तो हरला. घोडा आणि चिखल! मला पुन्हा जुन्नरच आठवलं.

तिसरा दिवस

आजच्या दिवसासाठी आजींच्या पुतण्याने आपली जुनी निवा गाडी आणली. त्याला मी एकच सांगितलं होतं: शेती दाखवा.

जमीन सपाट, हलके चढउतार. हिमयुगातल्या बर्फाने घासून सोडलेली. बर्च, पाइन, स्प्रूस यांची रानं, मध्ये मोकळी कुरणं. एका ठिकाणी पाण्याच्या पाइपसाठी चर खणलेला दिसला म्हणून उतरले. वर करड्या मातीचा वीतभर थर, त्याखाली राखेसारखी पांढुरकी माती, त्याखाली तांबूस. या मातीला पोद्झोल म्हणतात, म्हणजे ‘राखेखालची’. हा रशियन शेतकऱ्याचा शब्द आता जगभरच्या मृदाशास्त्राच्या पुस्तकात आहे. पाऊस आणि बर्फाचं पाणी मातीतलं सत्त्व धुऊन खाली नेतं, वर आम्लता उरते. चुना टाकल्याशिवाय आणि शेणखताशिवाय ती काही देत नाही. गव्हाचं हे रान नव्हे. राय, ओट, बटाटा, गुरांचं वैरण, आणि एके काळी जवस.

आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी. इथे तो धाग्यासाठी, उंच सरळ वाढणारा. तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. मग उपटलेला जवस शेतातच पातळ पसरून तीन-चार आठवडे दंव खाऊ घालायचं. दंवाने देठातला चिकटपणा कुजतो, साल सुटी होते, मग कुटून आणि विंचरून धागा काढायचा. दंव कमी पडलं तर धागा सुटत नाही, जास्त झालं तर सडतो. पुतण्याची आई सामूहिक शेतात हेच काम करायची. तो म्हणाला, “आई रोज पहाटे एक देठ मोडून पाहायची.” त्वेरचा सगळा प्रांत जवसाचा होता. आज आम्हाला दिवसभरात निळ्या फुलांचं एकही शेत दिसलं नाही.

दिसलं ते बोर्शेविक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पडक्या गोठ्यांच्या दारात, सोडून दिलेल्या शेतांत पुरुषभर उंचीहून मोठं झाड, वर पांढऱ्या फुलांची छत्री. हे मूळचं कॉकेशसचं. दुसऱ्या महायुद्धानंतर गुरांचा मुरघास म्हणून सामूहिक शेतांवर लावलं, कारण ते झपाट्याने वाढतं. १९९० च्या दशकात शेतं मोडली, गुरं गेली, आणि ते मोकाट सुटलं. त्याचा रस अंगाला लागला आणि ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. भाच्याने फोटो काढायला एक फांदी कोपराने बाजूला सारली. मी ओरडले, पुतण्याही ओरडला. लगेच पाण्याने आणि साबणाने हात धुतला, कोपर फडक्याने झाकून ठेवला, तरी संध्याकाळपर्यंत दोन रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग उठलाच. गाजर गवताने आपल्याकडे काय केलं ते मी त्या दोघांना सांगितलं. परक्या मुलखातून आलेलं तण पडीक जमीन कशी हेरतं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

एका गावात बावीस घरं होती. थंडीत धूर निघतो तो फक्त पाच घरांतून. बाकीची घरं मॉस्कोकरांनी उन्हाळ्यासाठी घेतलेली. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात, रविवारी रात्री जातात. दुकान नाही, पण आठवड्यातून दोनदा दुकानाची गाडी येते. आम्ही होतो तेव्हाच ती आली. भोंगा वाजला, चार म्हाताऱ्या पिशव्या घेऊन बाहेर आल्या. पाव, साखर, गव्हाच्या शेवया, बॅटरीचे सेल, मांजराचं खाणं. विकणारी बाई प्रत्येकीची औषधंही शहरातून घेऊन आली होती, कागदी पिशवीवर नाव लिहून. एका आजींची पिशवी राहिली तेव्हा ती स्वतः उतरून त्यांच्या दारापर्यंत गेली.

मग पैसा येतो कुठून? शहरात मिग विमानांच्या कंपनीचा यंत्रकारखाना आहे, तोच मोठा आधार. गावाकडे थोडी दुभती जनावरं, लाकूड, मासे. रस्त्याकडेला धुरावलेला ब्रीम मासा टांगून विकतात, सोनेरी, हाताएवढा. जुलैत तिथेच स्टुलांवर रानातली निळी बेरी बादलीने येते. उन्हाळी पाहुणे आणि मनोरा पाहायला येणारे पर्यटक हा आता मोठा हंगाम झालाय. पण तरुण मुलं दहावी-बारावी झाली की मॉस्कोला जातात. दोनशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पुतण्याची दोन्ही मुलं तिकडेच आहेत.

आणि या सगळ्या कुरणांवर, बर्चच्या शेंड्यांवर, अचानक एक पांढरी तबकडी उगवली. तोल्स्तौखोवो गावाजवळची रेडिओ दुर्बीण. व्यास ६४ मीटर. दूरच्या अंतराळयानांशी बोलण्यासाठी बांधलेली आणि १९९२ पासून काम करणारी. पल्सार ताऱ्यांकडून ठरावीक अंतराने येणाऱ्या रेडिओ ठोक्यांची वेळ मोजायलाही तिचा उपयोग झालाय. कुंपणाच्या आत जाता येत नाही. बाहेर गवतात उभी राहून मी तिच्याकडे पाहत राहिले.

कारण आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, अशाच तबकड्या आहेत. तीस, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. लहानपणी द्राक्षबागांच्या वर त्या वळताना आम्ही पाहायचो. मोठ्या शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा लागते, म्हणून त्या आमच्याकडे आल्या, तशीच ही इथे. निकितीन या दोन तालुक्यांना एका ओळीत जोडून गेला तेव्हा त्याला यातलं काय माहीत असणार! पण मी ते पुतण्याला सांगितलं तेव्हा त्याने खिशातून फोन काढून खोडदच्या तबकड्या शोधल्या आणि म्हणाला, “तुमच्या जाळीदार आहेत.” खरं आहे. त्या जाळीच्या आहेत, वारा आरपार जातो. इथली भरीव.

चौथा दिवस

बसने उग्लिचला. तालुक्याची हद्द आणि प्रांतही बदलतो, पण काल्याझिनचं नशीब जिथे ठरलं ती भिंत तिथे आहे. उग्लिचचा बांध गुलागच्या, म्हणजे स्टालिनच्या काळातल्या सक्तमजुरीच्या, छावणीतल्या कैद्यांनी घातला. पहिलं जनित्र १९४० च्या डिसेंबरात फिरलं, दुसरं १९४१ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात जर्मन मॉस्कोच्या वेशीवर होते आणि मॉस्कोला इथून वीज जात होती. हे खरं आहे आणि ते सांगायला हवं. मागे अडलेलं पाणी पार दुबनापर्यंत जातं, जवळजवळ १४६ किलोमीटर.

बांधाजवळ उभं राहून पाहिलं तर वरचं पाणी काचेसारखं आणि खालचं फेसाळलेलं. आजी आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या वरच्या पाण्याकडे पाहत होत्या. “वडील कधी इथे आले नाहीत,” म्हणाल्या. “नातेवाईक बोलावायचे, तरी नाही.” मग त्यांनी पिशवीतून उकडलेली अंडी आणि काकड्या काढल्या, आणि आम्ही कट्ट्यावर बसून जेवलो.

उग्लिचची बाकीची चर्चेस, राजपुत्र दिमित्रीचा १५९१ चा मृत्यू, त्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय. माझं मन त्यात नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी मठाचाच विचार करत होते.

पाचवा दिवस

मठ डाव्या काठावर होता, मनोऱ्याच्या बाजूला नव्हे. हे माझ्याही आधी लक्षात आलं नव्हतं. लोक मनोरा पाहून परत जातात.

पंधराव्या शतकात कोझिन घराण्यातला मात्वेय हा सरदारपुत्र संन्यास घेऊन मकारी झाला आणि या काठावर झोपडी बांधून राहिला. जमीन कोल्यागा नावाच्या माणसाची. साधू आपली जमीन बळकावेल म्हणून तो मकारीला मारायला निघाला होता, पण घरात आजार आणि मरणं आली, त्याने पश्चात्ताप केला, जमीन दिली आणि स्वतःच दीक्षा घेतली. त्याच्या नावावरून काल्याझिन, अशी आख्यायिका आहे. मकारी १४८३ मध्ये वारले. म्हणजे निकितीन आला तेव्हा ते हयात होते आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी खरोखरच हात ठेवला होता. त्या जागेवर पुढे दगडी मठ उभा राहिला, मोठा, तटबंदीचा. १९४० च्या सुमारास तो पाडला.

परवाचा होडीवाला सकाळी सहाला घाटावर हजर होता. त्याला काल मी कुठे जायचंय ते सांगितलं तेव्हा म्हणाला होता, “तिथे बघायला काही नाही.” जायचंय, म्हटलं.

धुकं होतं. नदी ओलांडून बोरूच्या आणि विलोच्या काही बेटांपाशी आलो. त्याने मोटर बंद केली. होडीच्या कडेला मासे शोधायचा एक छोटा पडदा बसवलेला होता. भाच्याने त्याच्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर तळाची रेघ सरकत होती: पाच मीटर, साडेचार, मग एकदम दोन. रेघ दातेरी झाली. होडीवाल्याने वल्हं उभं पाण्यात सोडलं. आधी मऊ काही नाही, मग खट्ट. दगडाचा आवाज. त्याने वल्हं माझ्या हातात दिलं. मी पुन्हा टेकवलं. खट्ट. थोडं पुढे सरकून पुन्हा. एका ओळीत तीन ठिकाणी लागलं, आणि चौथ्या ठिकाणी वल्हं गाळात गेलं.

“भिंत,” तो म्हणाला. “हिवाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं तेव्हा विटा दिसतात. आम्ही लहानपणी बर्फावरून यायचो.”

मी त्याला निकितीनचं सांगितलं. नाव त्याला माहीत होतं, शाळेत शिकवतात, त्वेरला पुतळा आहे. पण तो इथे थांबला होता हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. इथून उग्लिच, मग अस्त्राखानजवळ लुटला गेला, मग इराण, मग चौल, मग चालत आमचं गाव. “परत आला का?” त्याने विचारलं. परतताना दाभोळला जहाजात बसला, स्मोलेन्स्कजवळपर्यंत आला आणि तिथेच वारला. त्वेरला पोचला नाही, काल्याझिनलाही नाही.

होडीवाल्याने सिगारेट पेटवायला काढली होती, ती तशीच हातात राहिली. म्हणाला, “तुमचं गाव दाखवा.” मी फोनवर शिवनेरीचा फोटो काढला. पावसाळ्यातला, कड्यावरून धुकं उतरतंय, खाली जुन्नरची कौलं. त्याने फोन दोन्ही हातांत धरला, बोटांनी फोटो मोठा करून बाजार, मशिदीचा मिनार, वाड्यांची छपरं एकेक करून पाहिली.

“तो आला होता तेच हे?”

“तेच.”

“सगळं पाण्याच्या वर आहे?”

“हो,” मी म्हटलं. “सगळं वर आहे.”

त्याने मान हलवली, फोन मला परत दिला आणि मोटरची दोरी ओढली.